तीन आठवडे आवाज बसलेला असेल तर घसा दुर्बिणीने बघून घ्या

महोदय,

मी एसटीत २९ वर्षं वाहक होतो. 'पुढं सरका, दारात थांबू नका' हे दिवसभर ओरडायचं, वर धूळ आणि रोजचं बिडीचं एक बंडल. त्यामुळे निवृत्तीनंतर आवाज बसला तेव्हा घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या झाल्या. ताप नाही, दुखत नाही, नुसता घोगरेपणा. अडीच महिने असेच गेले. मग फोनवर नातीला माझा आवाज ओळखू येईना, तेव्हा मुलगा मला सोलापूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेला.

त्यांनी नाकात बधिर करणारा फवारा मारला आणि बारीक नळीची दुर्बीण नाकातून घशात सोडली. 'ईऽऽ म्हणा,' म्हणाले. समोरच्या पडद्यावर माझेच स्वरतंतू उघडमीट करत होते. एक पांढरा स्वच्छ, दुसऱ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी खरबरीत गाठ. पाच मिनिटांचं काम. पुढं भूल देऊन तुकडा काढला. 'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' असं शेजाऱ्यांनी मनात भरवलं होतं. तसं काही होत नाही, आणि तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरत नाहीत, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. स्वरतंतूवर एवढीशी गाठ आली तरी आवाज बदलतो, म्हणून ती लवकर सापडू शकते. माझी गाठ कॅन्सरची निघाली, पण लवकर सापडली. २८ वेळा किरणांचे शेक (रेडिएशन) घेतले, स्वरयंत्र वाचलं. आज मी मंडळात उभा राहून अभंग म्हणतो.

माझ्या गाडीवरच्या चालकाचं तसं झालं नाही. त्याच्या गालात कायम तंबाखू-चुना. उजवा कान ठणकायचा, म्हणून कित्येक महिने कानातच थेंब घातले. कान चांगलाच होता. गाठ जिभेच्या मुळाशी होती, कळ कानात निघायची. मानेला गाठ लागली तेव्हा तो तज्ज्ञांकडे गेला. गेल्या दिवाळीच्या आधी वारला.

आमच्या डेपोतल्या शिबिरात डोळे, बीपी, साखर बघायचे. तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही. माझी महामंडळाला कळकळीची विनंती आहे, की या शिबिरांत कान-नाक-घसा तज्ज्ञ बसवावेत. तोंडातली न भरणारी जखम, गालातला पांढरा चट्टा, तोंड आखडून त्यात तीन बोटं न जाणं, मानेतली गाठ, हे त्यांना तिथंच दिसेल. घोगऱ्या आवाजाच्या माणसाला दुर्बिणीसाठी चिठ्ठी द्यावी आणि त्या दिवसाची भरपगारी रजाही द्यावी, नाहीतर ड्युटी सोडून कुणी जाणार नाही.

– एक निवृत्त वाहक, बार्शी