खोडलेलं नाव

प्रिय सुन्या,

तुझा फोन आला तेव्हा मी वर्गात होतो, रात्री करू म्हटलं तर जेवल्या जेवल्या झोपच लागली, म्हणून आता लिहूनच टाकतो.

नववीच्या पोरांना चित्राला विषय दिला 'भेदभाव', आणि निम्म्याहून जास्त कागदांवर तोच माल! साखळदंड, तराजू, पिंजरा, त्यात कबूतर. एका पठ्ठ्याने तर कबुतराच्या पायात साखळदंड अडकवून त्याला तराजूत बसवलं, एकदमच सगळं उरकलं. हसू नकोस, आपणही हुंडा म्हटलं की फासाचा दोर काढायचो.

मग एका शनिवारी परवानगी काढून सगळी वरात इथल्या गायकवाडांच्या स्मारकात, कीर्तिमंदिरात नेली. तिथली चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं 1939 ते 1946 मधली. पोरं गंगावतरणापुढनं भराभर सरकली पण 'नटीर पूजा'पाशी थांबली. टागोरांच्या नाटकातली गोष्ट ती, राजनर्तिकेला मुद्दाम स्तूपापुढे नाचायचा हुकूम होतो, आणि ती नाचता नाचता एकेक दागिना उतरवत जाते, शेवटी आत भिक्षुणीचं वस्त्र. म्हटलं बघा रे, दागिना आधी नुसता दागिनाच होता, अर्थ गोष्टीने दिला, कोणी वरून चिकटवला नाही.

सोमवारी वर्गात बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींमधलं आपल्या बडोद्याचं प्रकरण वाचलं. सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन परदेशात शिकलेला माणूस 1917 साली इथे नोकरीला येतो आणि अस्पृश्य म्हणून हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक, म्हणून पारशी धर्मशाळेत, रजिस्टरात पारशी नाव लिहून. वर अंधारा हॉल, वटवाघळं, एक छोटा कंदील. अकराव्या दिवशी डझनभर चिडलेले पारशी काठ्या घेऊन हजर, धर्मशाळा बाटवली म्हणून. शेवटी सामान आवरून मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत कामाटीबागेत बसून राहिले. इथे वर्ग चिडीचूप झाला रे, कारण कामाटीबाग म्हणजे ह्यांची रविवारी भेळ खायची जागा!

ह्या वेळी कबूतर एकही नाही. एकीने फक्त बारा काठ्या काढल्या, माणसं नाहीतच, आणि काठ्यांच्या सावल्या जमिनीवर गजांसारख्या. म्हणजे पिंजरा आलाच फिरून, पण आता मी काय बोलणार? दुसरीने झाडाखाली एकटी ट्रंक ठेवली आणि मागे फुगेवाला, आजचा. मला तो फुगेवाला आधी खटकला, मग रात्रभर डोक्यातनं जाईना.

पण खरी कमाल मागच्या बाकावरच्या पोराची, जो वर्षभर नुसत्या शेंड्या लावतो. त्याने रजिस्टरचं एक पान काढलं, पेन्सिलीने दाबून 'भीमराव' लिहिलं, मग रबराने खसाखसा खोडलं, इतकं की कागद पिंजला, आणि त्यावर शाईने पारशी नाव लिहिलं सुबक अक्षरात. कागद तिरका धरला की खालच्या अक्षरांचे वळ दिसतात. मी म्हटलं, अरे हे सुचलं कसं? तर म्हणे, "सर, खोडायला गेलो की नेहमीच असं होतं ना."

आता गंमत ऐक. आमच्या गुणपत्रिकेत 'नीटनेटकेपणा' असा रकाना आहे, 5 मार्कांचा. मी पाचपैकी पाच दिले. तर वरिष्ठांनी बोलावून विचारलं, कागद फाटायला आलाय, मळलाय, आणि पूर्ण मार्क? मी काही न बोलता कागद खिडकीपाशी नेला आणि तिरका धरला. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, साडेचार करा.

साडेचारच केलेत. दिवाळीत ये, चित्रं घरी आणून ठेवतो.

तुझाच,
पक्या
बडोदा