फुटक्या बंपरविषयी परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री महोदय,
मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी आरटीओत माझ्या गाडीला मी हाताने बनवून बसवलेले तुकडे मोजले गेले. पुढचा बंपर एक, मागचा दोन, दोन्ही दरवाजांखालचे स्कर्ट, म्हणजे कडेच्या पट्ट्या, धरून चार, डिकीवरचा स्पॉयलर, म्हणजे मागची उभारलेली पट्टी, पाच. तुकड्यामागे ५,००० रुपये दंड, म्हणजे २५,०००. मोजणारे साहेब प्रत्येक तुकड्यावर बोटाने टकटक करून बघत होते, बाजारात नारळ बघतात तसे.

गाडी सॅन स्टॉर्म आहे, २००१ची. गोव्यात बनलेली, दोन सीटची, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, आणि बॉडी मुळातच फायबरची. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागेल. ही गाडी बनणं बंद होऊन जमाना झाला. इंजिनाचं काही ना काही जुळवता येतं. बंपर मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

तो फुटला मुंबई-गोवा महामार्गावर, दोन वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा माझी मुलगी शाळेत होती, आता तिचं बाळ रांगतं. खड्ड्यात पाणी होतं, गाडी बसकी. अर्धा बंपर तिथेच राहिला, उरलेला अर्धा बायकोने मांडीवर धरून घरी आणला. वाटेत ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. रस्ते आपल्या खात्याकडे नाहीत, हे मला ठाऊक आहे. खड्डा त्यांचा, दंड तुमचा, बंपर तेवढा माझा.

देवगडकडे फायबरच्या होड्या बांधणारा एक कारागीर आहे. आम्ही दोघांनी फुटके तुकडे जोडून, फटींत लांबी (पुट्टी) भरून साचा केला. आधी जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मग फायबरची मॅट, वर रेझिन, परत मॅट. रोलर फिरवून एकेक बुडबुडा काढायचा, नाहीतर उन्हात पापुद्रा सुटतो. घासताना फायबरची कुसं हाताला टोचतात, रात्रभर खाज. आणि हो, खोटं कशाला बोलू? दुरुस्ती म्हणून सुरू झालेलं काम हौसेवर गेलं. पुढचा ओठ थोडा रुंद केला, मग त्याला शोभतील असे स्कर्ट आले, मग स्पॉयलर. खर्च ४१,००० रुपये, माझ्या पेन्शनमधून. जिथे फायबर होतं तिथे फायबरच आहे. चासीला हात लावला नाही, इंजिनाला नाही, रंग तोच.

आणि हे सगळं विचारून केलं, साहेब. सुरुवात करण्याआधी याच कार्यालयात फोटो घेऊन गेलो होतो. तेव्हाचे साहेब हसून म्हणाले, "काका, बंपर आरसीत कुठे लिहिलेला असतो? रंग बदलू नका म्हणजे झालं." मी विश्वास ठेवला. लेखी मागितलं नाही, हा माझा गाढवपणा. ते साहेब बदलून गेले. नव्या साहेबांनी मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांविषयीचं कलम ५२ दाखवलं, त्याच्या दंडाचं १८२-अ दाखवलं, सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल सांगितला. घरी येऊन नातवाच्या बापाकडून तो मोबाईलवर काढून घेतला आणि चष्मा पुसून वाचला. उत्पादकाने जे मूळ ठरवून दिलं त्याच्याशी आरसीतली नोंद विसंगत होता कामा नये, असा त्याचा मथितार्थ मला लागला. माझ्या आरसीत बंपरचा ब नाही. उत्पादकाला विचारावं, तर तो ही गाडी विसरून गेला. आता विसंगती मोजायची कशाशी?

व्हिंटेज म्हणून नोंद करावी, तर त्याला पन्नास वर्षं लागतात. माझी पंचविशीची. म्हणजे नवी म्हणून चालवायला म्हातारी आणि म्हातारी म्हणून मिरवायला पोर. फेरनोंदणीच्या वेळी मात्र तिचं वय तुम्हाला बरोब्बर आठवतं: वीस वर्षांवरची, काढा १०,०००. पर्यावरण कर वेगळा. नवी नंबरप्लेट ७४५ अधिक जीएसटी. दंड धरून चाळीस हजारांच्या घरात गेलं, बेरीज तोंडी केली आहे, चुकली असेल तर दुरुस्त करून घ्या. तेवढ्यात दुसरा बॉडी किट, म्हणजे बंपर-स्कर्ट-स्पॉयलरचा अख्खा संच, झाला असता.

मी एसटीच्या कार्यशाळेत २८ वर्षं बॉडी फिटर होतो. नुसती चासी यायची, चाकं आणि स्टिअरिंग. त्यावर आम्ही सांगाडा उभा करायचो, पत्रा चढवायचो, रिव्हेट मारायचो, आणि त्यातून पन्नास माणसं घाटातून जायची. तेव्हा माझ्या हातावर सरकारचा भरवसा होता. आता त्याच हातांनी आठ किलोचा बंपर बसवला, तर रस्त्याची सुरक्षितता धोक्यात येते! काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, त्या २०१२च्या निकालानंतरही ज्यांच्या काचा काळ्याकुट्ट आहेत, बंपरपुढे लोखंडी गार्ड लावून जे सायरन वाजवत जातात, त्यांना कुणी टकटक करून बघतं का? २०१७ साली गार्ड बेकायदा ठरवणारं पत्रक दिल्लीहून निघालं. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर जे भाऊ हात जोडून उभे आहेत, त्यांच्या गाडीपर्यंत ते पोचायचं आहे. कायदा माझ्यासारख्याच्या घरी लगेच पोचतो, कारण मला रांगेत उभं राहायची सवय आहे.

गाडी महिन्यापासून ताडपत्रीखाली आहे. रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली. बायको म्हणते, विकून टाका. कोण घेणार?

मागणी मोठी नाही. ज्या गाड्यांचं उत्पादनच थांबलं, त्यांच्या मालकाने फुटलेला भाग कसा, कुणाकडून करून घ्यायचा आणि त्याची तपासणी कुठे करायची, हे एका कागदावर, सहीशिक्क्यासह द्या. पैसे भरायला माझी ना नाही. सोमवारी परत बोलावलं आहे, दुपारच्या जेवणानंतर या म्हणाले. किती वाजता जेवतात ते सांगितलं नाही.

आपला,
एक निवृत्त बॉडी फिटर

ता. क. : जुन्या बंपरचे फुटके तुकडे माळ्यावर जपून ठेवले आहेत. ते तारेने बांधून परत लावले, तर गाडी कायदेशीर होते का, एवढं तरी लेखी कळवावं.