थ्रीडी शिकताना आधी झोपाळा हलवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थ्रीडी अ‍ॅनिमेशनची ओढ असलेली मुले रत्नागिरी-सिंधुदुर्गातही आहेत. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर शिकण्यापुरते चालते. तरी अनेकजण मध्येच सोडून देतात, कारण पहिल्याच दिवशी माणूस घडवायला बसतात. चेहरा, हाडे, केस सगळे एकदम अंगावर येते. क्लास घेणाऱ्यांनी सुरुवात टेपने मोजता येईल अशा वस्तूपासून करून द्यावी, ही कळकळीची विनंती.

ओटीवरचा झोपाळाच घ्या. क्यूब (घनाकृती ठोकळा) आणून 'एन' दाबा आणि डायमेन्शन्समध्ये फळीचे माप भरा: १.२, ०.५, ०.०४ मीटर. लगेच कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा, म्हणजे भरलेले माप हेच वस्तूचे मूळ माप ठरते. हे राहिले तर कडा गोल करताना बेव्हल एकीकडे रुंद आणि दुसरीकडे अरुंद पडते. साखळ्यांच्या जागी तूर्त बारीक सिलिंडर पुरे. सगळे कंट्रोल-जे ने जोडा.

आता खरी मेख. ओरिजिन, म्हणजे वस्तू ज्याभोवती फिरते तो बिंदू, फळीत राहिला तर झोपाळा जागच्या जागी गिरकी घेतो. थ्रीडी कर्सर (जागा दाखवणारी खूण) वर, झोपाळा टांगायच्या कड्यांच्या उंचीवर नेऊन 'ओरिजिन टू थ्रीडी कर्सर' करा. २ मीटर लांबीच्या झोपाळ्याचा एक पूर्ण झोका सुमारे २.८ सेकंदांचा असतो. सेकंदाला २४ फ्रेम्सच्या (चित्रांच्या) वेगाने त्या ६८ फ्रेम्स होतात. म्हणून फ्रेम १ ला उणे १५ अंश, ३५ ला अधिक १५, ६९ ला पुन्हा उणे १५ अशा रोटेशनच्या की (त्या फ्रेमला वस्तू किती फिरलेली असावी याच्या नोंदी) लावा. इंटरपोलेशन, म्हणजे दोन कींमधली हालचाल, बेझियरच (हळूहळू वेग बदलणारी) ठेवा. लिनिअर (एकसारख्या वेगाची) केले की टोकाला वेग मंदावत नाही आणि झोका यंत्रासारखा दिसतो. वेळेचे हे भान एकदा आले की पुढे माणूस चालवतानाही तेच उपयोगी पडते.

कौलारू छपरासाठी एकच कौल बनवून दोन अ‍ॅरे मॉडिफायर (एका वस्तूच्या ओळीने प्रती काढणारी सोय) लावा, एक आडव्या रांगेसाठी, एक उभ्या; ऑफसेट (दोन प्रतींमधले अंतर, कौलाच्या मापाच्या पटीत) १ पेक्षा थोडा कमी ठेवा, म्हणजे कौलावर कौल चढेल. उतार ऑब्जेक्ट मोडमध्येच द्या. इथे रोटेशन अप्लाय केले तर कौले तिरकी, पण रांगा आडव्या होतात.

पावसाळ्यात वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, म्हणून रेंडर (तयार दृश्यातून अंतिम चित्रे काढणे) थेट व्हिडिओत कधीही करू नका. अर्धवट राहिलेली फाइल बहुधा उघडतच नाही. पीएनजी चित्रे काढा. २४० पैकी १८० झाल्यावर दिवे गेले तर १८१ पासून पुढे सुरू करता येते. १८० वे चित्र मात्र उघडून पाहा, ते अर्धेच लिहिले गेलेले असू शकते.

आपला,
एक वाचक, कुडाळ