अंगावर येणाऱ्या कोंबड्याचे काय करावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परसात हौसेने कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी जे लिहिले जाते त्यात खाद्य, अंडी, खुराडे आणि रोगराई यांविषयी पुष्कळ माहिती असते. परंतु त्याच कळपातला कोंबडा घरच्या माणसांवर धावून येऊ लागला तर काय करावे, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. मग शेजारीपाजारी सांगतील तोच उपाय केला जातो आणि तो बहुधा एकच असतो : एकदा चांगला चोप द्या, पुन्हा वाटेला जाणार नाही. हा उपाय दुखणे वाढवणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचबरोबर ‘मुका जीव आहे, चालायचेच’ म्हणून वर्षानुवर्षे पोटऱ्यांवर ओरखडे सोसत राहणेही मला पटत नाही.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. त्या रानातल्या नराचे काम आजही परसातला कोंबडा इमानाने करतो. दाणा सापडला की तो स्वतः न गिळता चोचीने उचलून-टाकून माद्यांना बोलावतो. आकाशात घार दिसली तर एक आवाज काढतो आणि जमिनीवरून शत्रू आला तर निराळा. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे याची ठरलेली उतरंड असते, हे नॉर्वेचे थोरलेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. नर चार-पाच महिन्यांचा होऊन आरवू लागला की त्याच्या अंगातले टेस्टोस्टेरॉन हे नर-संप्रेरक वाढते आणि या उतरंडीतली आपली जागा तो आजमावू लागतो. दिवस मोठे होत जातात त्या काळात हा जोर आणखी चढतो. कालपरवापर्यंत गरीब वाटणारा कोंबडा ‘एकाएकी बिघडला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा या वयात असते.

यातली सर्वांत गैरसमजाची बाब म्हणजे हाताळून, मांडीवर घेऊन वाढवलेला नर. त्याने उलटावे याचे घरच्यांना फार वाईट वाटते आणि ते त्याला कृतघ्न ठरवून मोकळे होतात. वास्तविक, लहानपणापासून माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या पिलाची माणसाविषयीची स्वाभाविक भीती मोडलेली असते. वयात आल्यावर असा नर माणसाला परका प्राणी न मानता कळपातला आणखी एक नर मानू शकतो, आणि दुसऱ्या नराशी जसे वागायचे तसेच त्याच्याशी वागतो. म्हणून पिलांमधले नर ओळखू येऊ लागले की त्यांचे लाड आवरते घ्यावेत. त्यांना दुष्टपणे वागवू नये, पण हातावरून दाणे भरवण्याची सवयही लावू नये.

हल्ला क्वचितच पूर्वसूचनेवाचून होतो. एक पंख जमिनीकडे झुकवून कडेकडेने चालत येणे, मानेची पिसे फुलवणे, दाणा नसताना जमिनीवर चोच आपटणे, आपण पाठ फिरवली की मागोमाग येणे, ही सगळी आव्हानाची भाषा आहे. त्यानंतर तो उडी घेऊन दोन्ही पाय पुढे फेकतो आणि पायामागच्या टोकदार काट्यांनी वार करतो. अशा वेळी माणूस एकतर लाथ मारतो किंवा पळतो. लाथ मारली म्हणजे आपण दुसऱ्या नरासारखे आव्हान स्वीकारले, तेव्हा तो पुन्हा येणार. पळालो तर तो जिंकला, तेव्हाही तो पुन्हा येणार. मार खाल्लेला कोंबडा काही दिवस दबकून राहतोही, आणि त्यामुळेच चोपाचा सल्ला टिकून आहे. परंतु पुष्कळदा तो पुढे समोरून यायचे सोडून पाठीमागून येऊ लागतो. शिवाय पक्ष्याची हाडे मोडायला फार जोर लागत नाही, हे लाथ मारताना कोणाच्या ध्यानात राहत नाही.

त्याऐवजी जे करायचे ते दिसायला फार साधे आणि करायला कंटाळवाणे आहे. तो पवित्रा घेऊन आला की त्याच्याकडे तोंड करून स्थिर उभे राहावे, हात झाडू नयेत, ओरडू नये आणि मागे सरू नये. मग तो बाजूला होईपर्यंत सावकाश त्याच्याच दिशेने पावले टाकावीत. हातात एखादी रुंद फळी किंवा बादली असावी. ती मारण्यासाठी नव्हे, मध्ये धरण्यासाठी. तो पुन्हा दाणे टिपू लागला किंवा स्वतःहून दूर गेला की मगच आपण निघावे. कोंबड्या माणसांना चेहऱ्यामोहऱ्याने वेगळे ओळखतात, म्हणून एकाने हे पाळले आणि दुसरा रोज पळत राहिला तर कोंबडा पहिल्याला सोडून दुसऱ्याच्या मागे लागतो. घरातल्या सर्व मोठ्या माणसांनी सारखेच वागले पाहिजे, आणि नेमके तेच सहसा जमत नाही.

पुष्कळसे हल्ले आपण नकळत ओढवून घेतो. झुलती बादली, वाऱ्यावर फडफडणारा कपडा, नवे बूट, खुराड्यात घाईने शिरणे यांनी तो बिथरतो. त्याच्यादेखत कोंबडी पकडली आणि ती किंचाळली, तर त्याने धावून येणे हे त्याच्या दृष्टीने कर्तव्यच असते. कोंबडी तपासायची असेल तर ती अंधार पडल्यावर दांडीवरून अलगद उचलावी. कमी उजेडात कोंबड्यांना नीट दिसत नाही आणि त्या शांत असतात. रोजचा दाणा दारापासून दूर फेकावा, म्हणजे तो माद्यांना बोलावण्यात गुंतेल आणि आपल्याला आत जाता येईल.

अंधारात उचलण्याची हीच सोय कोंबड्याच्या तपासणीसाठीही वापरावी, कारण दुखण्याने चिडलेला पक्षी स्वभावाने वाईट ठरवला जाण्याची शक्यता असते. पिसांच्या मुळाशी उवा आहेत का, बसायच्या दांडीच्या फटींत रात्री रक्त शोषणारे लाल कीटक लपले आहेत का, तळव्याला जखम आहे का, डोळे स्वच्छ आहेत का, हे पाहावे. डोक्यावर पिसांचा मोठा झुबका असणाऱ्या जातींत ती पिसे डोळ्यांवर येऊन पक्ष्याला समोरचे दिसत नाही; मग जवळ येणाऱ्या प्रत्येकाला तो दचकून टोचतो, आणि तेवढी पिसे कातरली की निम्मी तक्रार मिटते. रागीट कोंबड्याला रोज काखेत धरून फिरवावे असेही सांगतात. काही पक्षी त्याने निवळतात, काही सुटका होताच दुप्पट वेगाने येतात. तेव्हा हा उपाय त्या पक्ष्यावर काय परिणाम करतो ते पाहूनच चालू ठेवावा. धरताना पंख मिटलेले असावेत, पण छाती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचे हाड हलल्यावरच त्यांचा श्वास चालतो, आणि घट्ट दाबलेला पक्षी गुदमरून मरू शकतो. पाय धरून उलटे लोंबकळवण्याची पद्धत याच कारणासाठी सोडून द्यावी.

कळपाचे प्रमाणही तपासायला हवे. एका नरामागे साधारण आठ ते दहा माद्या असाव्यात असे सांगितले जाते. तीन-चार माद्यांत दोन नर असतील तर माद्यांच्या पाठीवरची पिसे उडतात आणि नर सतत चढाईच्या तयारीत राहतात. पायाचे काटे बोथट करण्याविषयी बरेच जण विचारतात. काट्याच्या आत जिवंत हाड असते, वरचे आवरण तेवढे नखासारखे असते; म्हणून केवळ टोक कानसेने घासावे आणि जास्त कापायचे असल्यास ते पशुवैद्यकाने करावे. यामुळे जखमा कमी खोल होतात, स्वभाव बदलत नाही. खच्चीकरणाची कल्पना तर घरच्या घरी कोणी मनातही आणू नये, कारण कोंबड्याचे वृषण पोटात, पाठीच्या कण्यालगत असतात आणि ही अवघड शस्त्रक्रिया असते.

लहान मुले असतील तेथे मात्र वर सांगितलेले कोणतेही प्रयोग मोकळ्या परसात करू नयेत. मोठ्या माणसाच्या गुडघ्यावर येणारी उडी लहान मुलाच्या डोळ्यावर येते. अशा घरात पहिल्याच हल्ल्यानंतर कोंबड्याला जाळीबंद जागेत वेगळे ठेवावे. त्यावर आठवडाभर चर्चा करण्याचे कारण नाही. काट्याची किंवा चोचीची जखम वरून लहान दिसली तरी आत खोल जाते. ती साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी, डॉक्टरांना दाखवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी विचारावे. वृद्धांच्या पायांवरच्या फुगलेल्या शिरांचा धोका तर कोणाच्या गावीही नसतो. ऑस्ट्रेलियात अंडी गोळा करणाऱ्या एका वृद्ध महिलेच्या पायावरील अशाच शिरेला कोंबड्याने टोचल्यामुळे रक्तस्राव होऊन तिचा मृत्यू झाल्याची नोंद २०१९ मध्ये न्यायवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे. असे क्वचितच घडते, पण पायांच्या शिरा फुगलेल्या असणाऱ्यांनी अशा कोंबड्याच्या खुराड्यात जाऊ नये, एवढे त्यावरून नक्की ठरवता येते.

काही आठवडे सर्वांनी एकसारखे वागूनही फरक पडला नाही, तर निर्णय लांबवू नये. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते; त्याच्यावाचूनही कोंबड्या अंडी देतात, फक्त त्यांतून पिले निघत नाहीत. त्याला कायमचे वेगळे ठेवता येईल, किंवा माद्या नजरेआड असतील अशा जागी इतर नरांसोबत ठेवून पाहता येईल. माद्या समोर नसल्या की अनेक नर एकत्र नांदतात. दुसऱ्याला देताना तो माणसांवर धावतो हे आधी सांगितलेच पाहिजे, आणि झुंजी लावणाऱ्यांच्या हाती तो पडणार नाही याची खात्री केली पाहिजे. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर जाणकाराच्या हातून, यातना न होता त्याचा शेवट करणे हे रोजच्या मारापेक्षा कमी क्रूर आहे, असे मला वाटते.

त्याच्या अंड्यांवर कोंबडी मात्र बसवू नये, कारण स्वभावाचा काही भाग रक्तातून उतरतो. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. नराला काढून टाकल्यावरही त्याचे शुक्राणू कोंबडीच्या शरीरात सुमारे दोन ते तीन आठवडे टिकून असतात. तेव्हा शांत स्वभावाचा नवा कोंबडा आणला, तरी पिलांसाठी अंडी जमवायला महिनाभर थांबावे.

आपला विश्वासू,
एक कोंबडीपालक वाचक