घडीचे पार्टिशन आणि मापांचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी घडीचे पार्टिशन बनवण्याविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून जे लेख येतात, त्यांत कापड, रंग आणि नक्षी यांवर पुष्कळ लिहिलेले असते. ते पार्टिशन उभे कसे राहणार, याबद्दल मात्र क्वचितच काही सांगितले जाते. असे पार्टिशन सरळ उघडून कधीच उभे करता येत नाही. 180 सेंटिमीटर उंच आणि प्रत्येकी 45 सेंटिमीटर रुंद अशा तीन झडपा (बिजागऱ्यांनी जोडलेल्या चौकटी) सरळ रेषेत ठेवल्या, तर त्यांना जमिनीवर आधार मिळतो तो केवळ चौकटीच्या रिपेच्या (लाकडी पट्टीच्या) जाडीएवढा, म्हणजे जेमतेम अडीच सेंटिमीटरांचा, आणि जाता-येता लागलेल्या धक्क्यानेही ते कोसळते. त्याच झडपा नागमोडी, एकमेकींशी काटकोनात उभ्या केल्या, की आधाराची खोली सुमारे 32 सेंटिमीटर होते. परंतु 135 सेंटिमीटर वाटणारे पार्टिशन प्रत्यक्षात 95 सेंटिमीटरच जागा झाकते. कोन 120 अंशांचा ठेवल्यास सुमारे 117 सेंटिमीटर झाकले जातात, आधाराची खोली मात्र साडेबावीस सेंटिमीटरवर येते. म्हणून लाकूड आणण्याआधीच हा हिशेब करावा. रुंदी कमी पडत असेल, तर कोन ताणण्यापेक्षा चौथी झडप जोडणे बरे.

साहित्य साधेच लागते: 50 बाय 25 मिलिमीटरच्या रिपा, लाकडाचा गोंद, स्क्रू, बिजागऱ्या आणि चौकटीत बसवायला कापड किंवा पातळ प्लायवूड. गोंद ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान भरले नाहीत तर चौकट तिरकी आहे, आणि गोंद सुकल्यावर ती सरळ करणे जवळपास अशक्य असते. प्रत्येक सांध्याला तीन बिजागऱ्या लावाव्यात. एका सांध्यातल्या बिजागऱ्यांची खीळ (जिच्याभोवती बिजागरी फिरते ती) पुढच्या अंगाला आली, तर शेजारच्या सांध्यातली मागच्या अंगाला यायला हवी. दोन्ही एकाच अंगाला आल्यास तिसरी झडप मिटताना अडते. रिपेच्या अरुंद कडेत स्क्रू पिळण्यापूर्वी बारीक भोक पाडले नाही, तर लाकूड हमखास चिरते. पायांना रबरी बटणे लावली की फरशीवर पार्टिशन सरकत नाही. आवाज अडवण्याची अपेक्षा मात्र या पार्टिशनकडून कोणी ठेवू नये.

यापुढे अशा लेखांसोबत सजवलेल्या खोलीच्या छायाचित्राबरोबरच पार्टिशनची वरून दिसणारी, कोन आणि मापे दाखवणारी एक लहानशी आकृतीही छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक