यू-बोल्टचे आटे अपुरे, पाटे आवळत नाहीत : पिकअपच्या कमानी-संचाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून आम्ही जुन्या डिझेल पिकअपसाठी मागच्या कमानींचा (गाडीचे ओझे पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) संच मागवला : दोन्ही बाजूंचे सहा-सहा पाटे म्हणजे पट्ट्या, त्या एक्सलला आवळणारे चार यू-बोल्ट, आठ नट आणि पाट्याच्या टोकाच्या डोळ्यात बसणारे बुश. पाट्यांबद्दल तक्रार नाही. पोलाद चांगले आहे, बाकही दोन्हीकडे सारखा आहे. तक्रार यू-बोल्टची आहे आणि ती जिवावर बेतणारी आहे.

एक्सलच्या नळीचा व्यास ७६ मिमी, पाट्यांची बैठक १२, ८ मिमीचे सहा पाटे मिळून ४८, वरची प्लेट १० : एकूण १४६ मिमी. आपल्या १४ मिमी यू-बोल्टचा पाय आतल्या वळणापासून १८० मिमी लांब आहे, पण आटे शेवटच्या २८ मिमीलाच पाडलेत. म्हणजे टोकाकडून आत येताना आटे वळणापासून १५२ मिमीवरच संपतात. नट प्लेटच्या ६ मिमी वरच अडकतो. ठरलेल्या जोराला आवाज देणारा टॉर्क पाना ‘टक’ करतो, आवळल्यासारखे वाटते, पण प्लेट हाताने हलते. चारही यू-बोल्टची हीच गत आहे.

‘वायसर टाका’ असे आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितले. हा उपाय नव्हे. ३ मिमीचे तीन वायसर टाकले तर नट बसेल, पण त्याखाली आटे उरतील जेमतेम ३ मिमी. नवे पाटे पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये बसतात, मधला रंग घासून जातो, म्हणून नट पुन्हा आवळावेच लागतात. तेव्हा आवळायला आटेच नसतील. घरी डाय (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे वाढवणेही आम्हाला मान्य नाही. कडक पोलादावर कापलेले आटे कच्चे राहतात.

पकड ढिली राहिली की सगळा धक्का पाट्यांच्या मधोमध आरपार जाणाऱ्या सेंटर बोल्टवर येतो. तो बोल्ट पाटे एका रेषेत ठेवण्यापुरता असतो, ओझे ओढण्यासाठी नव्हे. तो कटला की त्या बाजूने एक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी तिरपी चालते. आमच्या वरूड भागातल्या पांदणीत (शेतरस्त्यात) एक चाक चाकोरीत नि दुसरे वर असते. तिथून संत्रा भरून नागपूरच्या कळमना बाजारात निघालेल्या गाडीचे असे झाले तर काय होईल, हे आपल्या इंजिनिअरला विचारावे.

बुशही चुकले आहेत. पाट्याच्या डोळ्याची रुंदी ६० मिमी आणि बुशची नळी ५८. नळी डोळ्याबाहेर थोडी आली तरच शॅकल (कमान चेसिसला जोडणारी कडी) तिच्यावर आवळतो. इथे तो थेट डोळ्यावर घासतो.

आपण वॉरंटी नाकारताना ‘गाडीत बदल केले आहेत’ असे लिहिले. बदल हौद्याचा आहे. २.५ बाय १.७ मीटरच्या तळाला २ ऐवजी ३ मिमीची चादर लावली. वाढलेले वजन साधारण ३३ किलो, म्हणजे संत्र्याचे भरलेले दोन कॅरेटही नाही. चेसिसला वेल्डिंग केलेले नाही, एक्सल मूळचा आहे आणि पाटेही मूळ गाडीइतकेच सहा. शिवाय हौदा कसाही असला तरी यू-बोल्टचे आटे त्याने कमी होत नाहीत.

आमची मागणी : किमान ५५ मिमी आटे असलेले चार यू-बोल्ट, नवे आठ नट आणि योग्य लांबीचे बुश आपल्या खर्चाने पाठवावेत, नाहीतर संच परत नेऊन वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम द्यावी. हाच संच ज्यांनी घेतला त्या सर्वांना तातडीने कळवावे आणि तोवर त्याची विक्री थांबवावी. कुणीतरी वायसर टाकून गाडी रस्त्यावर आणली असेल, याची आम्हाला खरी काळजी आहे.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

आपले ग्राहक,
ता. वरूड, जि. अमरावती

सोबत : बिलाची प्रत, व्हर्नियर लावून काढलेले फोटो, वॉरंटी नाकारल्याचे आपले पत्र