‘आईला पाठवा’ म्हणणारी मीच होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनचा तिसरा रविवार, म्हणजे फादर्स डे, जवळ आला की मोबाइलवर बापाच्या झिजलेल्या चपलांच्या कविता फिरू लागतात. त्या वाचून डोळे पुसणाऱ्यांत मीही असते. पण हे पत्र कबुलीजबाबाचं आहे.

इथल्याच, नाशिकच्या एका प्राथमिक शाळेत मी ३१ वर्षं शिकवलं. दर जानेवारीत आमच्याकडे माता-पालक मेळावा व्हायचा. हळदीकुंकू, तिळगूळ, संगीत खुर्ची आणि वेळ उरलाच तर मुलांच्या अभ्यासाचं बोलणं. एका वर्षी दाराशी एक गृहस्थ घुटमळत होते. हातात हेल्मेट, अंगात कंपनीचा निळा शर्ट, सेकंड शिफ्ट गाठायची घाई. मी म्हटलं, “आज आयांची मीटिंग आहे हो. आईला पाठवा.” ते हळूच म्हणाले, “मॅडम, तिची आई दिवाळीत गेली. आता वेणीसुद्धा मीच घालतो.”

मी वळून त्या मुलीकडे पाहिलं. भांग वाकडातिकडा, रिबिनी मात्र दुहेरी गाठ मारून अशा करकचून बांधलेल्या, की नटबोल्ट आवळलाय जणू. दोन महिने ती वेणी माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसली नव्हती.

मला तर ती दिसायलाच हवी होती, कारण मीही सातपूरच्या कारखान्यातल्या कामगाराचीच मुलगी. आमचे नाना पंचवटीतून सायकलवर कंपनीत जायचे. थर्ड शिफ्ट करून सकाळी आले की अंगाला कुलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा वास यायचा. साबणानं तो जात नसे. सुट्टीच्या दिवशी आळीतली सात-आठ पोरं घेऊन ते गंगेवर निघायचे. (गोदावरी म्हणायचं ते भूगोलाच्या पेपरात.) तेलाचा रिकामा डबा कंपनीतल्या फिटरकडून डाग देऊन पक्का बंद करून आणलेला. तो पाठीला बांधायचा आणि द्यायचं घाटावरच्या गांधी तलावात ढकलून. महिन्याभरानं डबा सोडायचा. आमच्या शेजारचा बाळू दोन वर्षांचा असताना त्याचे वडील वारले होते. त्यालाही नानांनीच पोहायला शिकवलं आणि पुढे दहावीच्या फॉर्मचे पैसेही गुपचूप भरले. पावसाळ्यात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या (पूर मोजायची आमची खूण) कमरेला पाणी लागलं की आम्हा पोरांना घाट बंद. स्वतः मात्र सराफ बाजारातल्या दुकानांतलं सामान वर चढवायला जायचे. ओळख ना देख.

हे नाना माझ्या शाळेत एकदाही आले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. पुढे मी शिक्षिका झाले आणि मीही कुणाच्या नानांना बोलावलं नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर वडिलांच्या नावाआधी आईचं नाव येतं. योग्यच झालं, फार उशिरा झालं. माझी तक्रार वेगळी आहे. आईचं नाव आत्ता कुठे कागदावर आलं, पण वह्या, डबे, दुखणीखुपणी आणि मीटिंगा तिच्या एकटीच्या गळ्यात कधीच्याच पडल्यात. केंद्र सरकारी नोकराला बाळ झाल्यावर १५ दिवस पितृत्व रजा मिळते. सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगारासाठी तसा कायदाच नाही. आणि वडीलमंडळीही काही कमी नाहीत. शालेय व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. अध्यक्षपदाचा विषय निघाला की बरोबर बाप उगवतात! प्रगतिपत्रकावर सही करायला मात्र “मम्मीला विचारा.”

यंदाच्या शाळा सुरू होताहेत म्हणून सगळ्या मुख्याध्यापकांना एक सुचवते. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी शनिवारी असते आणि शनिवारी शाळा सकाळची. पहिली पालकसभा शनिवारी अकराला ठेवा. चिठ्ठीवर नुसतं ‘पालक’ लिहू नका, घरी ते ‘आई’ असंच वाचलं जातं. ‘आई आणि वडील’ असं लिहा, आणि दोघांपैकी जे कुणी येतील त्यांना आत बसवा. मी त्या गृहस्थांना त्या दिवशी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. प्रगतिपत्रक दारातच हातात दिलं, त्यांनी ते शर्टाच्या आत सरकवलं आणि गाडीला किक मारली.

– एक निवृत्त शिक्षिका, सिडको, नाशिक